दुसऱ्याच्या अक्षरात

देवरे मॅडमनी मोहिनीची उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवायला घेतली, तेव्हा मोहिनीला आधी लाज वाटली, मग बरं वाटलं, आणि पाचव्या की सहाव्या वाक्याला तिनं कान टवकारले. बारावीची पूर्वपरीक्षा संपून आठवडा झाला होता. इतिहासात मोहिनी कोटमेला अडुसष्ट, वर्गात सगळ्यांत जास्त, असं सांगून मॅडम म्हणाल्या होत्या, "ज्यांना देवानं दोन डोळे दिलेत त्यांनी जरा कान उघडून ऐका." मग फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांचं उत्तर सुरू झालं. राजाची उधळपट्टी, शेतकऱ्यांवरचे कर, पावाचा तुटवडा. ही वाक्यं मोहिनीचीच होती. ती म्हणताना कुठे श्वास घेतला होता तेसुद्धा तिला आठवत होतं. मग मॅडमचा आवाज त्याच सुरात पुढे म्हणाला, "माँटेस्क्यू याने सत्ताविभाजनाचा सिद्धांत मांडला आणि अनियंत्रित राजेशाहीच्या पायालाच हादरा दिला." माँटेस्क्यू. हा शब्द मोहिनीनं जन्मात ऐकला नव्हता.

पत्रिका बदलली असेल, असं तिला वाटलं. पण त्यापुढचं वाक्य परत तिचं होतं. त्याच्यापुढचंही तिचंच. मधलीच चार वाक्यं कुणीतरी आत आणून बसवली होती, आणि ती तिच्या वाक्यांपेक्षा चांगली होती. शेजारी बसणाऱ्या पूजानं तिच्या पाठीवर थाप मारली. टाळ्या वाजल्या. मोहिनीनं हसू आणलं. समोरून कोण बघतंय हे कळत नसलं की हसू जरा जास्त वेळ ठेवावं लागतं, तसं तिनं ते ठेवलं, गाल दुखेपर्यंत.

आई नेहमीसारखी कॉलेजच्या फाटकापाशी उभी होती. मोहिनीनं तिचं कोपर धरलं आणि दोघी गंगापूर रोडच्या कडेनं चालू लागल्या. फेब्रुवारीतलं ऊन गालावर डाव्या बाजूनं लागत होतं, म्हणजे वाट बरोबर होती. आईनं विचारलं, "लागले का मार्क?" आणि मोहिनी "अडुसष्ट" म्हणाली. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला, इमारतीखाली स्कूटर पुसत असलेल्या शेजाऱ्याला, जिना चढताना भेटलेल्या बाईला आई सांगत सुटली, "इतिहासात पहिली आली आमची. सगळ्या वर्गात." प्रत्येक वेळी मोहिनीला वाटत होतं की आता कुणीतरी विचारील, कोण पहिली आली? सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आप्पा साडेतीनला आले. ते फार बोलत नसत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहू दिला. त्या हाताखाली मोहिनी मान खाली घालून बसून राहिली.

पूर्वपरीक्षेची ती खोली ती पुन्हा पुन्हा आठवून बघत होती. वर्गापासून लांब, प्रयोगशाळेशेजारची खोली. स्पिरिटचा वास. टेबलाच्या पलीकडे लेखनिक म्हणून सविता. मोहिनी बोलायची आणि सविता लिहायची. सविताचं पेन कागदावर कुरकुरतं, आणि त्या कुरकुरीवरून मोहिनीला साधारण कळतं, किती शब्द झाले, ओळ कुठे संपली, कुठे खोडलं. आता तिला आठवलं, त्या उत्तराला आपण बोलायचं थांबलो होतो आणि पेन चालूच होतं. बराच वेळ चालू होतं. सविताला त्या दिवशी सर्दी होती. हात जड झाला असेल बिचारीचा, मागं पडली असेल, असं वाटून मोहिनी गप्प बसली होती. आणि एकदा असं झालं असेल तर अजून किती वेळा? मराठीच्या पेपरात? अर्थशास्त्राच्या? दहावीला तर दुसरीच मुलगी होती, तिनं काय लिहिलं होतं? बहात्तर टक्के पडले होते. पेढे वाटले होते. ते बहात्तर टक्के हातात धरून मोहिनी सात वर्षांनी पहिल्यांदा कुणाच्याही समोर ताठ उभी राहिली होती.

आठव्या वर्षापर्यंत तिला नीट दिसत होतं. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला, आणि कडेकडेनं जग कमी होत गेलं. आधी फळ्याची दोन टोकं गेली, मग पाटीची. तिसरीत असताना तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर होतं. बाई तिची वही फिरवायच्या. दहाव्या वर्षी वहीवर नाक टेकवूनही ओळ सापडेना, तेव्हा तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि ते वहीबाहेर, चटईवर गेलं. चटईवर पेन वेगळं लागलं म्हणून तिला कळलं. त्यानंतर तिनं सहीशिवाय काही लिहिलं नाही. ब्रेल ती शिकली, पण बारावीची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळाली नाहीत. आईनं ती कॅसेटवर वाचली. बाजारातून कोऱ्या कॅसेट आणून, दुपारी स्वयंपाक आटोपला की रेकॉर्डरसमोर बसून, एकेक धडा करत सगळी. मोहिनीच्या डोक्यातला सगळा इतिहास आईच्या आवाजात होता. राजे आईच्या आवाजात गादीवर बसत, आईच्या आवाजात पळून जात, मागे कुकरची शिट्टी होई आणि एखादं साम्राज्य कोसळे. फ्रेंच राज्यक्रांती वर्गात शिकवली, तेव्हा ती कांजिण्यांनी घरात पडली होती. तो धडा तर तिनं फक्त आईकडूनच ऐकला होता.

बोर्डाच्या परीक्षेला बावीस दिवस उरले होते. परवानगीच्या पत्रावर लेखनिक म्हणून सविताचं नाव, सविताचा फोटो, कॉलेजचा शिक्का. लेखनिक खालच्या वर्गातलीच लागते, आणि आता ती बदलायची तर अर्ज, मंजुरी, पुन्हा अर्ज. आणि नाही बदलली तर? भरारी पथक येतं, असं मुली सांगत. दारातून एकदम आत येतात, हातातला कागद ओढून घेतात. मोहिनीला तो कागद ओढला जाण्याचा आवाज आत्ताच ऐकू येत होता. ते विचारतील, हे तू सांगितलंस का? हा माँटेस्क्यू कोण? आणि तिला सांगता येणार नाही. आंधळ्या मुलीनं कॉपी केली, असं पेपरात येईल. आई तर इमारतीतल्या सगळ्यांना 'पहिली आली, पहिली आली' म्हणून सांगून बसली होती.

गुरुवारी दुपारी सविता सरावाला आली. सविता अकरावीत होती. हरसूलकडच्या एका पाड्यावरची, कोकणा आदिवासी घरातली, इथे मुलींच्या वसतिगृहात राहून शिकणारी. भात झोडून झाला की तिचे आईवडील द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरत, आणि तेवढे दोन-तीन महिने तिला घरचं माणूस जवळपास असल्यासारखं वाटे. शहरात ती जपून बोलायची, प्रत्येक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. चिडली की मात्र जपणं सुटायचं. मोहिनीला तिच्या पावलांचं हलकेपण आवडायचं. आज तेच हलकेपण तिला भीतीदायक वाटलं, कारण ती आत आल्याचं कळलंच नाही. आवाज एकदम जवळून आला.

"मॅडमनी माझं... तुझं उत्तर वर्गात वाचलं म्हणे?"

त्या जिभेच्या चुकीत इतका आनंद होता की तिला क्षणभर सविताचीच कीव आली.

"माँटेस्क्यू कोण?" तिनं विचारलं.

पेनाचं टोपण काढल्याचा, परत लावल्याचा आवाज.

"मी हे बोलले नव्हते, सविता."

"तू अर्धंच बोललीस," सविता म्हणाली. "चार कारणं लिहायची असतात. तू तीन सांगून थांबलीस. मला वाटलं, घाबरून विसरलीस. मला येत होतं, मी लिहिलं."

"तुला कसं येत होतं?"

"तुझी पुस्तकं मी वाचते ना. तू एका धड्याची कॅसेट लावतेस तेव्हा मी पुस्तकातला दुसराच धडा वाचत बसते. पुढल्या वर्षी मलाच उपयोगी पडेल." मग तिचा आवाज चढला. "मी काय वाईट नाय केलं. तुला मार्क पडावे म्हणूनच केलं ना? मला काय मिळालं त्यातून? टाळ्या तुला मिळाल्या."

"मी विसरले नव्हते," मोहिनी म्हणाली. "चौथं कारण पुस्तकातच नाही."

सविता उठली, कपाटावरचं पुस्तक तिनं काढलं, पानं उलटली आणि वाचू लागली. "विचारवंतांचे कार्य. राज्यक्रांतीची वैचारिक पार्श्वभूमी तयार करण्यात माँटेस्क्यू, व्हॉल्टेअर, रूसो..." ती वाचत गेली. एक परिच्छेद, दुसरा, तिसरा. अख्खं पान होतं. मोहिनी ऐकत होती आणि स्वयंपाकघरात चाललेला भांड्यांचा आवाज बंद झाल्याचं तिच्या लक्षात आलं. नळ मात्र चालू होता. बादली भरून पाणी वाहायला लागलं तरी तो कुणी बंद केला नाही.

सविता गेल्यावर मोहिनीनं ती कॅसेट शोधली. प्रत्येक कॅसेटला दोऱ्याच्या गाठी होत्या, इतिहासाला एक दोरा, धड्याच्या नंबराइतक्या गाठी. कॅसेट लावून ती रेकॉर्डरला कान टेकवून बसली. आईचा आवाज, वर्षभरापूर्वीचा, थोडा उत्साही. पावाचा तुटवडा. बायकांचा मोर्चा. मग एक खट्. लगेच पुन्हा खट्. आणि आईचा आवाज पुढच्या पानावर. ही खट्खट् तिनं शेकडो वेळा ऐकली होती. दूध उतू गेलं असेल, दारावर कुणी आलं असेल, असं तिनं धरलं होतं. धरलं होतं म्हणजे तसा विचारही केला नव्हता. आता तिनं दुसरी कॅसेट लावली. त्यात पाच वेळा खट्. तिसरीत नऊ वेळा. औद्योगिक क्रांतीच्या कॅसेटमध्ये एकाच बाजूला अकरा. प्रत्येक खटक्याशी जमिनीत एक भोक पडलेलं होतं आणि वर्षभर ती त्याच्यावरून बिनधास्त चालत आली होती. अंधाराची भीती तिला कधीच वाटली नव्हती. अंधार तिला पाठ होता. पण आपल्याला जे माहीत आहे ते मुळात आहे का, ही भीती नवी होती, आणि तिला कुठून धरायचं ते कळत नव्हतं.

"आई," तिनं हाक मारली.

आई दारातच असावी, कारण उत्तर लगेच आणि खालून आलं. उंबऱ्यावर बसली होती.

"हे मध्ये मध्ये बंद का केलंयस?"

मग बांगड्या वाजल्या. आई पदरानं तोंड पुसत असणार.

"मला नाय आलं ते वाचता," आई म्हणाली. नाशकात येऊन वीस वर्षं झाली होती, तरी रडवेली झाली की तिच्या बोलण्यात येवल्याकडचं माहेर यायचं. "ती परदेशातली नावं. आणि लांबलचक जोडाक्षरं. एकेका शब्दापाशी जीव जायचा. तू म्हणशील, आईला वाचता येत नाय. म्हणून मग बंद करायचे, आणि सोपं जिथून लागतं तिथून पुढं वाचायचे."

"तू सातवी शिकलीयेस ना?"

"चौथी. लग्नात सातवी सांगितली होती माझ्या भावानं. तुझ्या आप्पांनासुद्धा ठाऊक नाय अजून." आई थांबली. "मला वाटलं, थोडंथोडकं राहिलं तर काय होतंय. कॉलेजात बाई शिकवतातच की."

"किती ठिकाणी?"

"आता कसं सांगू? आठवत नाय."

मोहिनीला ओरडायचं होतं. तुझ्या या सगळ्या दुपारी खोट्या होत्या, असं म्हणायचं होतं. पण वर्षभर, रोज, त्या पुस्तकासमोर बसताना आईला काय वाटत असेल ते तिला एकदम कळलं, कारण तिलाही आत्ता तेच वाटत होतं. एकेका शब्दाची भीती. पुढच्या ओळीत काय निघेल याची. रोज दुपारी आई परीक्षेला बसत होती आणि कुणाला कळू न देता कोरे सोडलेले प्रश्न लपवत होती. मोहिनी उठली, भिंतीच्या कडेनं उंबऱ्यापर्यंत आली आणि आईशेजारी बसली. आप्पा यायच्या आत आईनं चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मोहिनीनं वसतिगृहात निरोप पाठवून सविताला बोलावून घेतलं. "उरलेल्या दिवसांत जेवढं भरून निघेल तेवढं भरू," ती म्हणाली. "तू वाच, आई रेकॉर्ड करेल. पण एक ऐक. परीक्षेत मी बोलेन तेच लिहायचं. मी चुकले तर चुकीचं लिहायचं. मी थांबले तर थांबायचं."

"येत असताना चुकीचं लिहायचं?" सविताला ते खरंच समजत नव्हतं. "माझा हात नाय होत गं."

"तुझा हात नाहीच तो. तीन तास तो माझा आहे."

सवितानं पुस्तक जरा जोरात मिटलं. दुखावली असावी. मोहिनीला ते वाक्य लगेच परत घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही.

सविताला तिची स्वतःची अकरावीची परीक्षा होती, वसतिगृहाच्या वेळा होत्या. ती रोज येऊ शकली नाही. ज्या दिवशी यायची त्या दिवशी तिघी बसायच्या. सविता पुस्तक धरून, आई कॅसेटच्या बटणावर बोट ठेवून, मोहिनी मध्ये. आई खटका आला की सांगायची, "इथं." पहिल्यांदा तिचा आवाज खाली जायचा, मग आठवड्याभरात तो सरळ झाला. कधी सविता वाचत असताना ती मध्येच विचारायची, "काय म्हणालीस? परत म्हण," आणि तो शब्द ओठांत घोळवून बघायची. मराठी, अर्थशास्त्र बऱ्यापैकी भरून आलं. राज्यशास्त्रात फार भोकं नव्हती. इतिहास मात्र अर्धाच झाला. औद्योगिक क्रांती, जी वर्गातही मॅडमनी घाईत उरकली होती, ती तशीच राहिली. मोहिनी दिवसा घोकत बसायची आणि मधूनच थांबायची. जे घोकतोय त्याच्या पलीकडे किती आहे, हे कळत नव्हतं. पूर्वी अभ्यास संपायचा. आता तो कुठे संपतो ते दिसत नव्हतं. जेवताना घास तोंडात फिरायचा. आप्पा विचारायचे, "बरं नाही का?" आणि आई घाईघाईनं म्हणायची, "परीक्षा आहे तिची," जणू त्यात सगळं आलं.

एके दिवशी तिनं देवरे मॅडमना खरं सांगायचं ठरवलं. त्यांच्या खोलीपर्यंत गेलीही. दाराशी उभी असताना आतून मॅडम कुणालातरी सांगत होत्या, "त्या कोटमेकडून शिका, काय जिद्द आहे पोरीची." मोहिनी परत फिरली. जिन्यात तिचा पाय चुकला आणि कठड्याचा लोखंडी बार हनुवटीला लागला. जिभेवर रक्ताची चव घेऊन ती खाली आली.

बोर्डाचा इतिहासाचा पेपर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होता. त्याआधीचे तीन पेपर पार पडले होते. त्यांत तिला येत होतं, ती बोलत होती, पेन चालत होतं, भ्यायला फुरसत नव्हती. इतिहासाच्या दिवशी केंद्रावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पर्यवेक्षक म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. सुपारी कातरल्यासारखं मोजकं बोलत. "फक्त प्रश्न वाचायचे. चर्चा नाही," त्यांनी सविताला बजावलं. पहिले दोन प्रश्न बरे गेले. तिसरा सवितानं वाचला, आणि वाचतानाच तिचा आवाज किंचित बदलला. "औद्योगिक क्रांतीचे सामाजिक परिणाम स्पष्ट करा."

मोहिनीकडे आईच्या आवाजातला अर्धा धडा होता. कारखाने निघाले, खेडी ओस पडली, बायका-मुलांना कामाला जुंपलं, मग खट्. त्या खटक्याच्या पुढे काय होतं ते तिला माहीत नव्हतं. तिनं आहे तेवढं सांगितलं. एक वाक्य जरा लांबवलं. मग थांबली. पंख्याचा आवाज. बाहेर शिपायानं पर्यवेक्षकांना हाक मारली, खुर्ची सरकली, चपला दारापर्यंत गेल्या. दारातच कुजबुज सुरू झाली. आणि सविताचं पेन चालू लागलं.

ती काहीच बोललेली नव्हती. पेन मात्र चाललं होतं, भराभर, न अडखळता, ज्याला येतं त्याच्या हातासारखं. "काय लिहितेस?" ती कुजबुजली.

"मागचंच. तू भरभर बोललीस. मी मागं राहिले होते."

"वाचून दाखव."

सविता वाचू लागली. कारखाने निघाले, खेडी ओस पडली. मोहिनीची वाक्यं होती, तिच्याच शब्दांत, लांबवलेल्या वाक्यासकट. एकही शब्द जास्त नव्हता. तरी मोहिनीचं समाधान होईना. कारण हेही सविताच वाचत होती. कागदावर एक असेल आणि तोंडानं दुसरं म्हणत असेल, तर? विचारणार कुणाला? तिनं हात पुढे केला आणि कागदावर ठेवला. पेनाच्या दाबानं कागदाला बारीक खाचा पडल्या होत्या. बोटांखाली त्या लागत होत्या. ओळीमागून ओळी. तिनं त्या मोजायला सुरुवात केली, सात, आठ, नऊ. आपलं बोलणं किती ओळींचं होतं? कुणाच्या अक्षरातल्या ओळी? सविताचं अक्षर मोठं की लहान, हे एवढ्या महिन्यांत तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"हात काढा तिथून," दारातून आवाज आला. "काय चाललंय?"

मोहिनीनं हात काढला. तो मांडीवर ठेवला. सविताचा श्वास तिला ऐकू येत होता, भेदरलेला, जोरजोरात. आता उभं राहून सांगावं, ही पत्रिका तपासा, असं तिला वाटलं. पर्यवेक्षक वाचतील, आणि तेही एका आवाजातच सांगतील. आईचा आवाज, सविताचा आवाज, मॅडमचा आवाज, या गृहस्थांचा आवाज. त्यांच्या पलीकडे जाऊन स्वतः बघून येण्याची सोय तिच्या जगात नव्हती. विचारांच्या या कोपऱ्यापर्यंत ती कितीदा आली होती आणि दर वेळी मागे फिरली होती. आज मागे फिरायला वेळ नव्हता. पर्यवेक्षकांनी घड्याळ बघून सांगितलं, एक तास दहा मिनिटं.

"या प्रश्नाचं एवढंच," ती म्हणाली. "मला पुढचं येत नाही. खाली रेघ मार. पुढचा प्रश्न वाच."

एक लांब रेघ ओढल्याचा आवाज आला. मग सविता पुढचा प्रश्न वाचू लागली.

नंतरचे तीन महिने मोहिनी नक्की कशाला ते न कळताच घाबरलेली होती. फोन वाजला, पोस्टमन आला, जिन्यात अनोळखी पावलं वाजली, की तिला वाटायचं, बोर्डाकडून कुणी आलं. सविता अकरावीची परीक्षा देऊन हरसूलला निघून गेली. जाताना भेटायला आली तेव्हा दोघी उगाच उन्हाबद्दल बोलल्या. आईनं तिला खाऊची पिशवी दिली. मोहिनीला विचारायचं होतं आणि तिनं विचारलं नाही, कारण सविता जे सांगील तेही तिला ऐकावंच लागलं असतं.

जूनमध्ये निकाल लागला. गुणपत्रिका घ्यायला आईबरोबर ती कॉलेजात गेली. खिडकीपाशी रेटारेटी होती. कागद हातात आल्यावर आई भिंतीशी सरकली आणि वाचू लागली, एकेक अक्षर चाचपत, तोंडानं बारीक फोड करत. मराठी एकसष्ट. अर्थशास्त्राशी ती अडकली, परत मागे गेली आणि शब्द पुरा म्हणाली. चौसष्ट. मग थांबली.

"इतिहास?" मोहिनीनं विचारलं.

"एकावन्न," आई हळूच म्हणाली. "कमी झाले गं. पास आहेस तू. सगळ्यांत पास आहेस. पण इतिहासात..."

देवरे मॅडम तिथेच होत्या. त्यांनी कागद मागून घेतला. "एकावन्न? प्रिलिमला अडुसष्ट होते की तुला! काय झालं गं मोहिनी? फेरतपासणीला टाक हा पेपर. तुझा आहे असं वाटतच नाही."

"नको मॅडम," मोहिनी म्हणाली. "बरोबर आहेत."

मॅडमचा सुस्कारा ऐकू आला. गर्दीतून कुणीतरी तिच्या दंडाला हात लावला. हात घामानं ओला होता. सविता होती. कॉलेज सुरू व्हायच्या दोन दिवस आधीच ती हरसूलहून आली होती, आणि सगळं ऐकत बाजूला उभी होती.

"मी तू बोललीस तेवढंच लिहिलं गं," ती घाईघाईनं म्हणाली. आवाजातली सगळी जपणूक गेली होती. "आईची शपथ. त्या प्रश्नाचं मला सगळं येत होतं. हात असा वळवळत होता. तरी नाय लिहिलं. तुला कमी पडले ते माझ्यामुळं नाय..."

"माहितीये," मोहिनी म्हणाली.

"कसं? तुला कुणी सांगितलं?"

मोहिनीला हसू आलं. ते किती वेळ ठेवायचं, याचा हिशेब तिनं या वेळी केला नाही. तिनं आईकडे हात केला, गुणपत्रिका मागून घेतली आणि घडी न घालता छातीशी धरली.

"एकावन्न मार्कांनी," ती म्हणाली.